तेलाच्या भोकावरचा रंग

शालिकराम : ज्यानं हे कॉलेज ‘उत्तम’ म्हनून लिहिलं, तो खोटं लिहून गेला! मंग तो किती का मोठा साहेब असंना!

वामनराव : हळू, मिस्त्री. विद्यापीठाची कमिटी होती ती. ‘पदवीच्या वर्गाला साजेशी वर्कशॉप’ असा शेरा आहे. काच लावून कचेरीत टांगलाय.

शालिकराम : काचेतच राहू द्या. कमिटीतल्या कोनी या इंजिनाले हात लावला?

वामनराव : हात कसा लावतील? पांढरे कपडे होते. यंत्रं मोजली, संत्र्याचा रस प्याले, गेले.

शालिकराम : मी कळमेश्वरच्या कापसाच्या जिनात वीस वर्सं इंजिन चालवून राहिलो. पोरीच्या फारमावर सही कराची, तर नागपुरात येऊन आधी कॉलेज तपासतो म्हटलं.

गोपिका : बाबा, आज शेवटचा दिवस आहे. चार वाजता फारमाची खिडकी बंद होते.

शालिकराम : थांब वं. वामनराव, वर्कशॉप तुमच्याच ताब्यात ना? एक खिळा द्या.

(इंजिनावर एका जागी तो खिळ्यानं खरवडतो.)

शालिकराम : पाहा. वर हिरवा, खाली निळा, त्याखाली लाल. तीन कमिट्या येऊन गेल्या ना?

वामनराव : तीनच! तुम्हाला कोणी सांगितलं?

शालिकराम : या भोकानं. तेल घालाचं भोक हाये हे. तिन्ही रंगांनी बुजवलं. पहिल्या कमिटीपासून याच्या पोटात तेलाचा थेंब गेला नाही.

वामनराव : महायुद्ध चालू होतं हो. तेल कुठं मिळत होतं?

शालिकराम : रंग बरा मिळत होता!

गोपिका : हसू नका, वामनरावजी. बाबा अजून चिडतील.

वामनराव : हसू नको तर काय करू? दरवर्षी लिहून देतो, पोरांना इंजिन चालवू द्या. वरून काय येतं? रंगाचा डबा.

शालिकराम : चाल गोपिके घरी. याच्याहून जास्त तू जिनातच शिकली. मागच्या हंगामात जळालेलं बेअरिंग कोनं बदललं?

गोपिका : मी. पण ते जळालं काहून, हे तुमाले सांगता आलं का?

शालिकराम : जुनं झालं होतं.

गोपिका : चार महिन्यांचं होतं, बाबा! शाफ्टावर भार किती, बेअरिंग सोसते किती, याचं गणित असते. जिनात ते कोनालेच येत नाही. सकाळी इथं व्हरांड्यात उभी होती, तर आत फळ्यावर तेच चालू होतं. मास्तर चांगलं शिकवून राहिले होते.

शालिकराम : गणित जित्तं आन इंजिन मेलेलं. अर्धंच कॉलेज झालं हे.

गोपिका : दुसरं अर्धं तुमी शिकवलं ना मले. करा सही.

शालिकराम : दे तो फारम इकडं. वामनराव, पोरीचा फारम घेतील ना?

वामनराव : मुलींनी भरू नये, असं नियमात कुठं नाही. भरावा, असंही नाही. मी पाहून ठेवलंय.

शालिकराम : हे घे सही. पळ.

गोपिका : थांबा बाबा. वामनरावजी, वर्गात बसू देतील, ते समजलं. पण इथं पोरं कामाले लागतील, तवा मले बाजूले उभं करान, का हातात पाना द्यान?

वामनराव : ते वरच्यांना विचारावं लागेल, बाई.

गोपिका : त्यांना मागून विचारा. वर्कशॉप तुमच्या ताब्यात आहे. तुमी सांगा.