हवा गेली की उघडा

मॅडम : थांबा मामा. आधी गोल पूर्ण मिटू द्या, मग आत अक्षरं लिहा.

मामा : मिटतच नाही हो मॅडम. सुरुवात आणि शेवट एकमेकांना ओळखच दाखवत नाहीत. एकतीस वर्षं या हाताने पाना फिरवला, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

मॅडम : जोर कमी द्या. सहा आठवड्यांपूर्वी तुमचा कागद फाटत होता, आता नुसता दबतो. बरं, या गोलात आडवी रेघ का नाही काढलीत?

मामा : रेघ असली तर ते यंत्र कंट्रोल रूमच्या पॅनेलवर. नसली तर जागेवर, पाइपापाशी. हा पाण्याची पातळी मोजणारा, बॉयलरच्या अंगालाच चिकटलेला. म्हणून कोरा गोल.

मॅडम : आणि त्याच्यातून निघालेली तुटक रेघ?

मामा : विजेचा सिग्नल. पुढे ज्या रेघेवर दोन-दोन तिरके काप मारलेत ती व्हॉल्व चालवणारी हवेची नळी. हे तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलंत ना, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, अगं, ज्या नळ्या मी छातीशी धरून शिडीवर चढवल्या, त्या इथे दोन कापांत आटपतात. ती म्हणाली, आटपू दे, गुडघा गेलाय तुझा, आता टेबलावरचं जे मिळतंय ते मुकाट्याने शिकून घे.

मॅडम : बरोबरच बोलल्या. दाखवा इकडे. हं. सुबक आलंय की. फक्त एक चूक आहे. बाण.

मामा : कुठला?

मॅडम : बॉयलरला पाणी सोडणाऱ्या या व्हॉल्वच्या दांड्यावरचा. हवा गेली की व्हॉल्व बंद होत असेल तर बाण खाली, उघडत असेल तर वर. मूळ ड्रॉइंगमध्ये खाली आहे. तुम्ही वर काढलाय.

मामा : मूळ ड्रॉइंगमध्ये खाली आहे, हो.

मॅडम : मग रबर घ्या.

मामा : नाही घेणार मॅडम.

मॅडम : का?

मामा : चुकलेलं नाही म्हणून.

मॅडम : मामा, आज चेष्टा नको. तीन वाजता मला चौकशी समितीपुढे बसायचंय, याच व्हॉल्वसाठी. सरावाला तुम्हाला हाच दिला, कारण गेले आठ दिवस माझ्या टेबलावर दुसरा कागदच नाही.

मामा : ठाऊक आहे मला.

मॅडम : पाइपफिटरचा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजलाय. आणि त्याने वावगं काय केलं? हाताने बंद करायचा व्हॉल्व गंजून जाम झाला होता. त्याने ड्रॉइंग मागवलं, वाचलं, हवा गेली की बंद. म्हणून हवेची नळी सोडली, पाणी थांबलं असं धरलं आणि पुढचा जोड उघडला. पलीकडच्या बॉयलरसाठी पंप चालूच होता. उकळतं पाणी थेट हातावर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही कोणाची, माझी. तो व्हॉल्व उघडाच कसा राहिला, हे मला आठ दिवसांत सुचलेलं नाही. शेवटी व्हॉल्व बंद करणारी स्प्रिंग मोडली असावी, असं लिहून ठेवलंय.

मामा : स्प्रिंग ठणठणीत आहे. डोकं उलटं बसवलंय त्या व्हॉल्वचं. मी बसवलंय.

मॅडम : काय म्हणालात?

मामा : तुम्ही आधी बसा. उभ्याने ऐकायचं नाही ते.

मॅडम : बोला.

मामा : अकरा वर्षं झाली. हवेचा कॉम्प्रेसर भर दुपारी बंद पडला. हवा गेली, व्हॉल्व मिटला, तुमच्या कागदात होतं तस्साच. पण बॉयलरखाली आग चालू. आतलं पाणी झरझर खाली. बॉयलरवाल्याने पळत जाऊन बाजूची लाइन हाताने उघडली म्हणून निभावलं. तो नंतर तिथेच जमिनीवर बसला. तेव्हाचे आमचे सुपरवायझर म्हणाले, हा व्हॉल्व उलटा कर, हवा गेली तर उघडू दे. पाणी जास्त झालं तर पंचाईत, कमी झालं तर बॉयलर फुटून सगळे गेलो. रविवारी बॉयलर थंड होता. मी डोकं सोडवलं, उलटवलं, चालवून बघितलं. पॅनेलच्या बाजूचं त्यांनी जुळवून घेतलं. काम चोख झालं, आजही मी त्याची ग्वाही देईन.

मॅडम : आणि ड्रॉइंग?

मामा : ते म्हणाले, ड्रॉइंग ऑफिसात जाऊन सांगून ये. मी आलो होतो मॅडम. याच खोलीत. तेव्हा तुमच्या जागी चष्मेवाले साहेब बसायचे. मी दारातून म्हटलं, एक बदल सांगायचाय. त्यांनी कागद पुढ्यात टाकला, म्हणाले, दाखव कुठे. मी त्या कागदाकडे बघतोय आणि तो माझ्याकडे. नुसते गोल आणि रेघा. जो व्हॉल्व डोळे मिटून खोलला असता, तो कागदावर सापडेना. मागे दोन पोरी टेबलावर काम करत होत्या, त्यातली एक हसली. मला हसली का कशाला, देव जाणे. बुटाचं तेल फरशीवर उमटलं होतं. मी म्हटलं, उद्या सुपरवायझरना घेऊन येतो. ते उद्या आजपर्यंत आलं नाही. सुपरवायझर बदलून गेले, पुढे वारलेही. राहिलो मी एकटा.

मॅडम : अपघात झाला तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात ना?

मामा : हो. तुमच्यासमोर. बाहेर भोंगा झाला, कोणी तरी येऊन सांगितलं, बॉयलरच्या पाण्याने भाजलं. मला तेव्हाच कळलं.

मॅडम : आणि आठ दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून गोल काढताय. मी इथे डोक्याला हात लावून बसायचे, तुम्ही मला चहा आणून द्यायचात.

मामा : हो.

मॅडम : का मामा?

मामा : गुडघा गेल्यापासून मी स्टोअरमध्ये तात्पुरता आहे, आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर माझ्या बदलीचं पत्र सहीला पडलंय. या ऑफिसात कायमचं टेबल. ते हुकलं तर या गुडघ्याने मी जायचं कुठे? रोज म्हणायचो, सही होऊ दे, मग सांगू. शेवटी काल संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली. म्हणाली, ती बाई तुला हाताला धरून शिकवतेय आणि तू तिला बुडवतोयस? घड्या तशाच टाकून उठली. म्हणून आज बाण वर काढला. तोंडाने सांगायला जीभ रेटत नव्हती.

मॅडम : मूळ ड्रॉइंग इकडे सरकवा.

मामा : हे घ्या. मी बाहेर थांबू?

मॅडम : नको. मामा, या सहीखाली शिक्का काय आहे, वाचा.

मामा : "जागेवर तपासले."

मॅडम : तीन वर्षांपूर्वी जुने कागद संगणकावर चढवायचे होते. तीनशे बारा. मुदत दोन महिन्यांची. बॉयलर हाउसला मी गेले होते, नाही असं नाही. दारात उभी राहिले. आत भट्टीसारखं तापलेलं, आवाजाने कान बसलेले. बॉयलरवाला म्हणाला, मॅडम, वर कशाला चढताय, सगळं कागदावरच्यासारखंच आहे. मला ऐकायचं होतं तेच तो बोलला. इथे आले आणि शिक्का मारला. त्या एकाच नाही, त्या बाजूच्या सगळ्या कागदांवर.

मामा : तरी मूळ दुखणं माझंच. तुम्ही ते शिक्क्याचं बोलू नका. आधीच इतकी वर्षं लपलंय, सगळं माझ्या एकट्यावर जाऊ दे. माझं काय, नोकरी अशीही संपत आलीय.

मॅडम : आणि उद्या त्या बाजूला आणखी एखादा बाण उलटा निघाला तर? कोणाचा हात जाणार आहे, सांगता येतं का तुम्हाला? एकदा चढले असते तर तुमचा व्हॉल्व मला दिसला असता. सात पायऱ्यांची तर शिडी आहे.

मामा : नऊ.

मॅडम : बघा. तेही मला माहीत नाही. तो कागद इकडे द्या.

मामा : स्प्रिंग मोडली लिहिलेला?

मॅडम : तो हा बघा, फाडला. तुमचा द्या, बाणवाला. नाही, आधी खाली लिहा, जागेवर असं आहे. बदल कधी केला ते वर्ष घाला. आणि सही करा.

मामा : मी सही? मी अजून शिकाऊ आहे.

मॅडम : व्हॉल्व तुम्ही उलटवलात ना? मग त्यावर सही तुमचीच. पावणेतीन झालेत. गुडघ्याला पट्टा बांधा, मीटिंगची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

(तीन आठवड्यांनंतर. तीच खोली, तेच टेबल.)

मॅडम : उशीर झाला आज.

मामा : स्टोअरमध्ये माल उतरत होता. काउंटर सोडून यायचं तर चावी कोणाच्या तरी हाती द्यावी लागते. आलो तसा धावतपळत, म्हणजे आपला लंगडतपळत.

मॅडम : पत्राचं काही कळलं?

मामा : साहेबांनी बोलावून सांगितलं. बदली एक वर्षासाठी थांबवली, स्टोअरमध्येच राहायचं. ओरडले नाहीत. म्हणाले, कामावरून काढायचाच विचार होता, पण तू आपल्या पायांनी आलास. मी विचारलं, दुपारचे दोन तास शिकायला जाऊ का? ते म्हणाले, तिथे बसून आता तुला काय मिळणार? मी म्हटलं, वाचता येईल.

मॅडम : माझा सहीचा अधिकार काढून घेतला. वर्षभर माझ्या प्रत्येक कागदावर दुसरा कोणी सही करणार. पहिल्या दिवशी घरी जाऊन रडले. आता रोज सकाळी हेल्मेट घालून वर चढते. एकशे चाळीस झाले. कागदापेक्षा वेगळे निघाले किती, माहीत आहे?

मामा : किती?

मॅडम : सहा. तुमचा धरून सात.

मामा : बाकीचे कोणाचे?

मॅडम : विचारत नाही मी. लाल पेन्सिलीने खूण करते आणि पुढे जाते. आता लोक आपणहून येतात. काल वेल्डर आला होता, दारातच घुटमळत होता. मी उठून खुर्ची दिली. म्हटलं, कागदावर नका शोधू, मला तिथे घेऊन चला.

मामा : मी गेलो होतो मॅडम. पाइपफिटरकडे.

मॅडम : घरी?

मामा : काल. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो होतो आधी. त्याच्या बायकोने दार उघडलं. मी कोण, काय केलं, सगळं तिला कळलेलं. पाणीही विचारलं नाही, आणि बरोबरच आहे तिचं. तो खिडकीशी बसला होता, हात उशीवर ठेवून. कातडी नवी आलीय, गुलाबी, चकचकीत. दोन बोटं अजून मिटत नाहीत. मी म्हटलं, माफी मागायला आलोय. त्याने उशी सरकवली, हात नीट ठेवला. मला वाटलं, उठावं आता.

मॅडम : मग?

मामा : मग म्हणाला, कागद सुधारला का? मी म्हटलं, सुधारला. त्याने विचारलं, कोणी काढला. मी म्हटलं, मी. तर म्हणाला, तुला काढता येतं? म्हटलं, गोल अजून नीट मिटत नाही, पण बाण येतो.

मॅडम : हसला का तो?

मामा : नाही. त्याला व्यायामाला दवाखान्यात जायचं होतं. उठला, एका हाताने शर्ट चढवला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, बटणं लाव.

मॅडम : लावलीत?

मामा : लावली. वेळ लागला. तो थांबला.