किडा कोणाकडचा?

…आणि खालची बाजू कशी दाखवू, सांगा ना मला? तीन मिलिमीटरचा किडा, त्याला उताणा करायचा, सहा पाय आवरून धरायचे आणि मिशांचा फोटो काढायचा, तोही सासूबाई मागे उभ्या असताना. पण निसर्गप्रेमींच्या त्या ऑनलाइन समूहावर सगळ्यांचं एकच, मिशा दाखवा, मिशांशिवाय पक्की ओळख नाही. मी काय बोलणार?

तुम्हाला सांगते, लग्नाला जेमतेम चौथा महिना, आणि सासूबाईंच्या टॉवेलवर हा तपकिरी ठिपका चालताना सापडला. त्यांनी तो चिमटीत धरून माझ्यासमोर आणला आणि अगदी गोड आवाजात, "तुझ्या कपाटातला दिसतो." कपाट माझ्या बाबांनी केलेलं. सुतार आहेत ते, आठ महिने सुट्टीच्या दिवशी बसून केलंय, एकही खिळा न मारता. "लाकडातच असणार गं, बाबांना तरी कसा दिसेल? रविवारी काढून टाकू, घरभर पसरायला नको." मी काय बोलणार?

म्हणून समूहावर फोटो टाकला. पिठाच्या डब्यातला किडाही हुबेहूब असाच असतो म्हणे, म्हणजे तो ठरला की प्रकरण माझ्या कपाटातून त्यांच्या स्वयंपाकघरात, कळलं ना? तर आधी माहिती भरायची. अधिवास? लिहिलं, सासर. जंगली की पाळलेला? यावर मागून सासूबाई, "पाळलेलाच लिही, तुमच्याकडून आलाय." मग उत्तरं. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, पिठातला, शंभर टक्के. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार घातला. तासाभरात कोणी प्रयोगशाळेतले, "नाही हो सर, लाकूड पोखरणारा, पाठीची ठेवण बघा." एकास एक. आणि तिथे ठरतं ते सहमतीच्या संख्येवर.

हे ऐकून सासूबाई चष्मा पुसायला लागल्या. "मलापण खातं काढून दे." कोणी काढून दिलं? मीच. पासवर्डही मीच सुचवला. पाचव्या मिनिटाला त्यांची लाकडाला सहमती, वर शेरा, 'अनुभवावरून सांगते.' तो शेरा सतरा जणांना आवडला. मी काय बोलणार?

उरला नवरा. त्याला म्हटलं, अरे, तू पिठाला सहमती दे, निदान बरोबरी तरी होऊ दे. तो मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेला तो अर्धा तास आलाच नाही. बाहेर आला तेव्हा चेहरा इतका शांत, की मला वाटलं, सुटले बाई. बघते तर त्याने ओळख दिलेली, 'कीटक'.

नुसतं कीटक. "चुकीचं आहे का?" म्हणे. चुकीचं नव्हतंच ना… सगळ्यांनी सहमती दिली, शिक्षकांनी, प्रयोगशाळेने, सासूबाईंनी तर बदामही पाठवला.

रविवारी कपाट निघालं. एक बाजू त्याने धरली, एक मी. जिन्याच्या वळणावर जरा टेकवलं, तर त्याने कपाटाच्या दारावर टकटक करून बघितलं आणि म्हणाला, "काय वजन आहे गं, लाकूड अगदी ठणठणीत दिसतंय."