आबाजीची स्विस घडी

आमच्या बाबाले परवापर्यंत स्वतःच्या बापाची, म्हणजे आमच्या आबाजीची, लाज वाटे. आबाजीची चावीची जुनी स्विस घडी विकत घ्याले नागपूरचा एक शौकीन पांढुर्ण्यात आमच्या घरी आला. तबकडी मूळचीच, पुन्हा रंगवलेली नाही, हे पाहून तो खूश झाला. बाबानं लगेच फेकलं, "आमचे वडील सौसरचे मोठे बागायतदार."

मी म्हटलं, "खोटं काऊन बोलून राहिले? आबाजी दुसऱ्याच्या संत्राबगिच्यात मजूर होते."

"कॉलेज सोडलेल्यानं मधात बोलू नये."

शौकीन हसला. "मजुराले स्विस घडी कायले लागते?"

मी म्हटलं, "मालकाच्या घडीत सुटीचे पाच कधी वाजतच नव्हते. आबाजीनं ही घेतली, तवापासून सगळे मजूर त्यायचा हात पाहून घरी जात."

मग भर दुपारी बाबानं घडी उचलली, मनगटावर बांधली, तिच्यात पाहिलं अन् शौकिनाले म्हणाले, "पाच वाजले, साहेब. निघा आता."