कब्रस्तानाची नोंद

गनीभाई : म्हंजी बटन तुमीच दाबलं.

दिशा : मीच दाबलं, गनीभाई. दुसऱ्या कुणाचं नाव सांगून मला सुटता येणार नाही.

गनीभाई : बरं. चहा ऱ्हाऊ द्या, आधी मला नीट समजून सांगा. मला राहुरीला जाऊन कमिटीपुढं हुभं ऱ्हायचंय, आन तिथं रखवालदाराला कुनी बस म्हनत न्हाई. आमच्या कब्रस्तानात कोन कुठं दफन हाय, ती सगळी नोंद तुमच्या कॉम्प्युटरात हुती. हा तर समोर चालू दिसतोय. मग गेलं कुठं?

दिशा : या कॉम्प्युटरमध्ये ते नव्हतंच. ते एका होस्टिंग कंपनीच्या मशीनवर होतं. त्यांच्याकडे मोठी मशीनं असतात, आपण त्यातली जागा भाड्याने घेतो. तुम्ही मोबाईलवर नाव टाकलं की तिथून उत्तर यायचं, अमुक रांग, भिंतीपासून इतके फूट.

गनीभाई : यायचं. धा वर्सांत एकदाबी चुकलं न्हाई. म्हनून तर तुमचं नाव सांगत फिरतो मी.

दिशा : कंपनीने नवा नियम काढला. त्यांच्या मशीनवर कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीम चालवायच्या, त्याची यादी दिली. पाच नावं. त्या पाचातली असेल तर राहा, नाहीतर मशीन बंद.

गनीभाई : आन आपली त्या पाचात न्हाई.

दिशा : आपली जुनी. दहा वर्षांपूर्वी टाकलेली. आणि तुमचा प्रोग्रॅम त्या जुन्यावरच चालायचा.

गनीभाई : म्हंजी खोली आपन भाड्यानं घेतली, पर आत पंखा कोन्त्या कंपनीचा लावायचा ते मालक सांगनार.

दिशा : तसंच. मी त्यांना चार वेळा लिहिलं, फोन केले. म्हटलं, हे एवढं एक मशीन राहू द्या. ते म्हणाले, सुरक्षेसाठी कुणालाच सूट नाही. मी म्हटलं, अहो त्यात फक्त मयतांची नावं आहेत, ती कोण चोरणार आहे? त्यावर त्यांनी तोच नियम परत पाठवला.

गनीभाई : दुसऱ्या कंपनीत न्यायचं.

दिशा : तीन ठिकाणी विचारलं. यादी सगळ्यांची तशीच. शेवटी मुदतीचा दिवस आला. त्यांच्या पानावर लिहिलं होतं, यादीतली सिस्टीम निवडा आणि पुढे जा. मला वाटलं, प्रोग्रॅम बंद पडेल, पण नोंदी तरी राहतील. मोबाईल अपडेट केला तर आतले फोटो राहतात ना, तसं. मी निवडली. दहा मिनिटांनी उघडून बघितलं तर मशीन कोरं होतं. पुसून नव्याने बसवलं होतं त्यांनी.

गनीभाई : तिथं लिवलेलं नव्हतं का, पुसनार म्हनून?

दिशा : लिहिलेलं होतं. खाली, बारीक अक्षरात. पन्नास ग्राहकांची मशीनं त्या आठवड्यात मी बदलत होते, आणि मी ते वाचलं नाही. मला खोटं सांगता येत नाही तुम्हाला.

गनीभाई : आन तुमी ते काय म्हनता, कॉपी?

दिशा : दुकानदारांच्या कॉपी रोज बाहेर काढते. तुमच्याकडे महिन्याला चार-दोन नावं वाढायची. म्हणून तुमची कॉपी त्याच मशीनवर ठेवलेली. ती पण गेली. आमच्याकडच्या कल्याणने त्या वेळी कब्रस्तानाच्या खोलीत बसून थेट तिथेच टाइप केलं होतं, त्यामुळे या लॅपटॉपवर काही नाही. तीन दिवस शोधतेय मी.

गनीभाई : हं.

दिशा : गनीभाई, ती जुनी रजिस्टरं? चार होती ना, हिरव्या कापडाची? कालपासून मी त्यांच्याच आशेवर आहे. ती मिळाली तर मी स्वतः येऊन परत भरते.

गनीभाई : ती ठंडी केली की.

दिशा : म्हणजे?

गनीभाई : वाळवी लागली हुती. कल्याणचं टाइप करून झालं, कमिटी म्हनली आता सगळं कॉम्प्युटरात हाय, ही काढा. पर हरेक पानावर वर बिसमिल्ला लिवलेलं. ते रद्दीत कसं घालायचं? पाय लागतो, कुनी त्यात भजी बांधतं. मग आमच्यात असले कागद एकतर वाहत्या पान्यात सोडायचे, न्हाईतर जमिनीत पुरायचे. त्याला ठंडं करनं म्हनतात. कालव्याला त्या टायमाला पानी नव्हतं. म्हनून कब्रस्तानाच्याच कोपऱ्यात खड्डा घेतला. फैयाजभाईनी, माझ्या चुलतभावानं. ते हुते तवा रखवालदार.

दिशा : मग उकरून...

गनीभाई : धा पावसाळे गेले, दिशाताई. कागूद तो. माती झाली असंल.

दिशा : फैयाजभाईंच्या वतीने तुम्हीच तेव्हा मला फोन केला होता. आठवतंय मला. विचारलं होतं, वह्या ठेवू का. आणि मी म्हटलं होतं, गरज नाही.

गनीभाई : म्हनलं हुतं तुमी. आन आमाला बरं वाटलं हुतं.

दिशा : तुम्हाला स्वतःला किती आठवतं?

गनीभाई : मी रखवालदार झालो त्याला तीन सालं झाली. त्याच्या अगुदरचं फैयाजभाईच्या डोक्यात हुतं, आन ते आता तिथंच झोपलेत. आमच्याकडं कबर कच्ची असती, वर दगड न्हाई, नाव न्हाई. दोन-चार पावसात माती बसती, गवत येतं. सगळी जागा एकसारखी. खरं म्हंजी तेच बरं असतं, ल्हान-मोठा कुनी दिसत न्हाई. पर मग वही लागती.

दिशा : कमिटीला मी येऊन सांगते. तुमच्यावर येऊ देत नाही.

गनीभाई : कमिटी चार दिवस वरडंल आन गप बसंल. मी आज त्यांच्यासाठी आलो न्हाई. खाली रिक्षात बाई बसलीया, तिच्यासाठी आलोय.

दिशा : कोण?

गनीभाई : शहजादीभाभी. आमच्याच गावच्या. नवरा अकोल्याला धंद्याला गेला, तवा त्याच्यासंगं गेल्या, त्या सव्वीस वर्सं तिकडंच. आता नवरा वारला, तिकडंच माती झाली. पोरगी नाझनीन राहुरीत दिलीया, ती घिऊन आली. त्यांची थोरली पोरगी ल्हानपनी गेली, ती आमच्याकडं दफन हाय. मंगळवारी शब-ए-बरात. त्या दिशी आमी आपल्या मयतांच्या कबरीवर पानी घालतो, फुलं टाकतो. महिन्यापूर्वी मला म्हनल्या, गनी, माझी पोर कुठं हाय? मी छातीवर हात ठिवून सांगितलं, काळजी करू नका भाभी, कॉम्प्युटरात हाय, बघून सांगतो. आन राह्यलं बघायचं. म्हनलं सन जवळ आला की बघू.

दिशा : त्यांना जागा माहीतच नाही?

गनीभाई : आमच्यात बायका आत येत न्हाईत. भिंतीच्या भाईरनं दुवा मागतात. आत काय करायचं ते गडीमानसं करतात.

दिशा : गनीभाई, रागावू नका, एक बोलते. त्यांनी ती जागा कधी पाहिलेलीच नाही. एखादी दाखवून टाका. त्यांच्या जिवाला शांती मिळेल. यात कुणाचं काय बिघडणार आहे?

गनीभाई : एस्टीत बसल्यापासनं माझ्याबी मनात तेच हाय. लाज वाटती, पर हाय. मग वाटतं, दुसऱ्याच कुनाच्या मयतावर तिच्या पोरीचं पानी घालायचं, आन ती बिचारी भाईर हुभी राहून त्याच्याकडं तोंड करून रडनार. मी ते बघत हुभा ऱ्हानार, दरसाल. मला न्हाई पेलायचं, ताई. तुमीच सांगा तिला. तुमी शिकलेल्या हाय. माझ्या तोंडानं न्हाई निघत.

(जिन्यावरून कठडा धरत शहजादी वर येतात.)

शहजादी : गनी, रिक्षावाला निघाला. मी आले वर. घावला का कबरीचा नंबर?

दिशा : मावशी, आधी बसा. पाणी घ्या.

शहजादी : बसते. गुडघ्यानं जीव घेतलाय. नाव अलफिया. अडीच वर्साची हुती. बापाचं नाव लागतं का? इब्राहिम.

गनीभाई : भाभी, ते जरा...

शहजादी : मी त्या टायमाला नाझनीनची बाळंतीन. आठवा दिवस. भाईर पाय टाकायचा न्हाई, म्हनून उंबऱ्यापर्यंतबी जाता आलं न्हाई. तिचे अब्बा माती देऊन आले, हात धुतले. मी इचारलं, कुठं ठिवली? म्हनले, चांगली जागा हाय, सावली हाय. पुन्ना कदी मी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. सावली कुठं हाय गनी, आत?

गनीभाई : त्या टायमाला सगळीकडंच हुती, भाभी. चारी बाजूनं लिंब हुते. रस्ता झाला, कालव्याचं काम झालं, तवा गेले.

दिशा : मावशी, तुमच्या मुलीचा नंबर माझ्याकडे होता. आता नाही. माझ्या हातून पुसला गेला. सगळ्यांचेच गेले.

शहजादी : पुसला म्हंजी? पुन्ना लिवता न्हाई यायचा?

दिशा : कशावरून लिहू? वह्या पण नाहीत. ज्या कंपनीकडे होतं त्यांना मी रोज लिहितेय.

शहजादी : त्यान्ला सांगितलं का, ल्हान पोरगी हाय म्हनून?

दिशा : त्यात लहान मुलंही आहेत, हे सांगितलं. सगळं सांगितलं.

शहजादी : मग काय म्हनले?

दिशा : म्हणाले, नियमात बसत नाही. तक्रारीचा एक नंबर दिला. आणि आज सकाळी कळवलं की तक्रार बंद केली आहे.

शहजादी : तुमी रडू नका, बाई. तुमाला काय माहीत हुतं.

गनीभाई : भाभी, तुमी मला काय बोलायचं ते बोला. मी तुमाला जबान दिली हुती.

शहजादी : तुला काय बोलू? तू तरी काय करनार. मला आत यायचं न्हाई, गनी. नंबरबी नको. मी आपली मंगळवारी फुलं घिऊन येनार, भाईरच हुभी ऱ्हानार. तू फकस्त एवढं सांग.

गनीभाई : काय, भाभी?

शहजादी : कोन्त्या भिंतीला हुभी ऱ्हाऊ?