देवघरातल्या दोन बाटल्या

मुख्तार : म्हणजे हॉस्पिटलातून ताई गेल्याचा निरोप आला त्या सकाळी दोन्ही बाटल्या घरात होत्या?

रामनाथ : होत्या ना. मीच ठेवलेल्या. ओडिशावरून आली तीच ताप घेऊन. बॅग खाली ठेवायच्या आधी मला बोलली, "या सांभाळ, कुणाचा हात लागता कामा नये." त्यानंतर तिला अ‍ॅडमिटच केली.

मुख्तार : ताईंनी मला फोनवर सांगितलं होतं, रामनाथच्या ताब्यात आहेत, फिकीर नको. मी आधीच आलो असतो, दादा. पण बायको गेलेल्या माणसाच्या दारात जाऊन बाटल्या मागायच्या कशा? फ्रिजमध्ये आहेत का?

रामनाथ : फ्रिजमध्ये कशाला? फ्रिज येणारा-जाणारा उघडतो. ज्याला कुणी हात लावत नाय अशी घरात एकच जागा. देवघर.

मुख्तार : देवघर.

रामनाथ : तोंड असं नको करू.

मुख्तार : नाही करत. आणा, मी घेऊन निघतो.

रामनाथ : आक्का! देवघरातल्या बाटल्या आण गं जरा.

आक्का : आधी चहा घ्या. मुख्तार, किती बारीक झालास रे! तुझ्या धामणकर नाक्यावर एवढी हॉटेलं हायेत, तू नुसता वास घेऊन येतोस काय?

मुख्तार : खातो, आक्का. ही एकच बाटली आणलीत.

आक्का : एकच ऱ्हायलीय. दुसरी मी उघडली ना.

रामनाथ : कधी?

आक्का : कधी म्हंजे? तिला घरी आनली तवा. तुलशीचं पान आन् गंगा तोंडात घालायची का न्हाय? तू दारात बसलेलास, भावाला वलखत नव्हतास, भनीला वलखत नव्हतास. मी देवघरात गेले. बघते तं दोन बाटल्या, बंद, सोच्छ. म्हटलं, एवढी देशभर फिरते, गंगा आनलीन् वाटतं. तोंडात घातली, ऱ्हायलेली तिच्या अंगावर शिंपडली.

रामनाथ : आक्का, ती गंगा नव्हती.

आक्का : मंग काय देवापाशी बिसलेरी ठेवलीस?

रामनाथ : मुख्तार, तू सांग तिला. मला नाय जमत.

मुख्तार : आक्का, त्या बॅटरीच्या रिक्षा धावतात ना, बिनधुराच्या?

आक्का : मी त्यातच बसते. खोकला येत न्हाय.

मुख्तार : त्यांच्या बॅटऱ्या इथे पूर्णा गावात बनतात. त्याला काळी भुकटी लागते, पेन्सिलीत असते तसली. ती डोंगर खोदून काढतात. आमच्या गटाचं काम एवढंच, माल येतो कुठून ते जाऊन बघायचं. जंगल मारून, पाणी नासवून येत असेल तर कंपनीला सांगायचं, उतरवू नका. ताई म्हणायच्या, इथला धूर काढून तिकडच्या लोकांच्या घशात घालायचा, हे साफ काम नव्हे. गट त्यांनीच उभा केला. त्यांना विचारल्याशिवाय नव्या खाणीचा माल उतरत नाही.

आक्का : बरं. पन बाटल्या?

मुख्तार : एका बाटलीत खाणीच्या वरच्या झऱ्याचं पाणी. लोक पितात ते. दुसरीत खाणीच्या खालच्या वस्तीतल्या ओढ्याचं. वस्तीवाले म्हणतात, भांड्यात काळं बसतं, पोरांची पोटं दुखतात. खाणवाले म्हणतात, काही नाही. दोन्ही पाणी शेजारी ठेवून तपासलं की कळतं. दादा, बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, वरचं आणि खालचं. हिच्यावर नाही दिसत.

रामनाथ : चिठ्ठ्या.

मुख्तार : ताई स्केचपेनने लिहायच्या.

रामनाथ : देवाजवळ ठेवायची वस्तू धुऊन ठेवतात, मुख्तार. मी नळाखाली धरल्या. चांगल्या घासल्या.

(बाहेर गोदामाकडे वळणाऱ्या कंटेनरचा हॉर्न.)

आक्का : म्हंजे मी तिच्या तोंडात खानीचं पानी घातलं?

रामनाथ : नाय माहीत. वरचंही असेल.

आक्का : अरे देवा. माझ्या ह्या हातानी!

मुख्तार : आक्का, रडू नका. आमच्याकडे मक्केच्या जमजमची बाटली असते कपाटात. माझ्या अम्मीच्या हाताशी अशी बाटली आली असती ना, तिनेही हेच केलं असतं. आणि वर मला ओरडली असती, लेबल का नाही म्हणून.

रामनाथ : ही उरलेली तपासून घे ना.

मुख्तार : एकटीचा उपयोग नाही. कुठली आहे तेच माहीत नाही.

रामनाथ : माझ्यासाठी तपास. ही साफ निघाली, तर तिच्या तोंडात खालचं गेलं. ही घाण निघाली, तर तिच्या तोंडात वरचं, झऱ्याचं गेलं. म्हणजे बरं झालं. म्हणजे बरं नाय, तिकडच्या पोरांना बरं नाय. मुख्तार, मी काय मागू रे? सकाळी देवापुढे उभा राहून पाणी घाण निघू दे म्हणू?

मुख्तार : (बाटली हातात फिरवत) ताईंनी काय मागितलं असतं, दादा?

रामनाथ : ती असती तर तिला विचारलं असतं. असल्या वेळी मी तिलाच विचारायचो.

आक्का : मी एक बोलू? दुसरी भरून दे. कोन बघतंय? खाडीचं घाल.

मुख्तार : खाडीचं घातलं तर लॅबवाले विचारतील, ओडिशाच्या डोंगरात कोळंबी कुठून आली?

रामनाथ : तुझ्याही मनात काहीतरी आहे. मघापासून बाटली फिरवतोस.

मुख्तार : आहे. कंपनीचा कुणाल सकाळपासून फोन करतोय. आज काही कळवलं नाही तर तुमचा आक्षेप नाही असं धरतो म्हणतो. मग माल उतरणार. मला वाटलं, हिच्यावर "खालचं" अशी चिठ्ठी लावावी आणि द्यावी पाठवून. खरी निघाली तर निघाली.

रामनाथ : आणि ही झऱ्याची असली तर?

मुख्तार : तर ओढा साफ आहे असं कागदावर येईल. ताईंच्या नावाने.

रामनाथ : तिला कळलं असतं तर?

मुख्तार : मला हाकलून दिलं असतं.

रामनाथ : तुला नंतर. आधी मला. "देवघरात कुणी नमुने ठेवतं का," म्हणून हसली असती आणि मग हाकललं असतं. वाजतोय बघ तुझा फोन.

मुख्तार : कुणालच आहे. काय सांगू?

रामनाथ : दे इकडे. हॅलो, कुणाल? मी रामनाथ, वळ गावावरून. विनिताचा नवरा. हो, विधी झाले सगळे. नाय, मुख्तार इथेच बसलाय. रिपोर्ट नाय. ऐक तर. आक्षेप नाय असं लिहू नको. तिने पाणी आणलं होतं, ते आमच्या घरात वाया गेलं. चूक माझी.

आक्का : वाया न्हाय गेलं.

रामनाथ : थांब हं, कुणाल. काय म्हणतेस?

आक्का : मी तिच्या तोंडात गंगा म्हनून घातलं. वाया गेलं म्हनू नको.

रामनाथ : बरं. कुणाल, वाया नाय गेलं. घरात लागलं. आता परत आणावं लागेल, मुख्तार जाईल, मीपण जाईन त्याच्याबरोबर. तोवर माल उतरवायचा नाय. कारण काय लिहू म्हणतोस? आहे तेच लिही. खालच्या वस्तीचं पाणी तपासायचं राहिलंय.