इवायाची गाडी ठोकळ्यावर ठेवल्याबाबत

नाव श्रावण डोमाजी पाझारे, वय ६७ वर्षे, धंदा ट्रकचे कमानपाटे बसवणे, शिक्षण सहावी, राहणार वणी, घुग्घुस रोड. दिनांक ११/११/२०२५, मंगळवार, सकाळी साडेदहा.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं म्हणून हजर झालो आणि माह्या तोंडानं सांगतो की, वरील पत्त्यावर मी बायको कौसल्यासोबत राहतो. घरापुढंच दुकान आहे. कोळशाच्या गाड्यांचे चाकावरचे पाटे वजनानं तुटतात, ते मी बसवून देतो. चौतीस वर्षं झाले.

उधारीचं विचारलं म्हणून सांगतो. गिऱ्हाईक थकलं तर मी भांडत नाही, त्याच्या घरी चकरा मारत नाही. त्याची गाडी पुन्हा कामाले येतेच. आली का पाटे खोलतो, गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवतो अन् दुसऱ्या गाडीले लागतो. पैसे आले का पाटे बसवतो. समद्या गाडीवाल्यायले हे माहीत आहे. आजवर कोणी पोलिसात गेलं नाही.

रामराव ताकसांडे, राहणार मारेगाव, यांच्या तीन गाड्या आहेत. पहिले ते नुसते गिऱ्हाईक होते. दोन वर्षांआधी माही पोरगी दीपमाला त्यायच्या पोराले, संघदीपले देली. तेव्हापासून ते माहे इवाई. लग्नाआधी महिन्याच्या महिन्याले पैसे देत. लग्नानंतर चहा पिऊन जाऊ लागले. मागतले तर म्हणत, "इवाई, मी काय पळून चाल्लो काय? तुमची पोरगीच माह्या घरी आहे." तेव्हा ते हासले. मीबी हासलो.

बाकी एक लाख चौऱ्याऐंशी हजार झाली. जून महिन्यात रामराव आले. म्हणाले, ज्या ठेकेदाराकडं गाड्या लागल्या तो दुरुस्तीचे पैसे देते, पण बिलावर 'रक्कम मिळाली' असा शिक्का पायजे. त्याचे आले का तुमचे देतो. मी शिक्का मारून सही केली. दुसऱ्या कोणाले मारून देला नसता. इवायाले नाही कसं म्हणावं. ऑगस्टमध्ये ठेकेदाराच्या मुनशीनं सांगतलं, त्या बिलाचे पैसे कधीचेच देले. माह्याकडं एक रुपया आला नाही.

३ नोव्हेंबरले, सोमवारी, त्यायची एक गाडी मागचा पाटा तुटून आली. मी दोन्हीकडचे पाटे खोलले अन् गाडी ठोकळ्यावर ठेवली. सायंकाळी रामराव आले. म्हणाले, "इवायाची गाडी ठोकळ्यावर? लोकं हासून राह्यले." मी म्हन्लं, "हासणाऱ्याकडूनच बसवून घ्या मंग." ते चहा न घेता गेले.

दीपमालाले आठवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असते. ६ तारखेले कौसल्या तिले आणायले मारेगावले गेली. रामरावनं तिले सांगतलं, "गाडी ठोकळ्यावरून उतरली का पोरगी धाडतो. तुमच्या मालकाचीच पद्धत आहे." कौसल्या चारच्या एसटीनं एकटी परत आली. लाडवाचा डबा तिथंच ठेवून आली.

८ तारखेले दीपमालाचा फोन आला. म्हणाली, "बाबा, पाटे बसवून द्या. मी चांगली हाव." एरवी आईसोबत बोलल्याबिगर फोन ठेवत नाही. त्या दिवशी ठेवला.

काल रामरावनं इथं तक्रार देली का मी गाडी विनाकारण अडवली. सोबत शिक्क्याचं बिल जोडलं. जमादार साहेब म्हणाले, बिल खरं असल तर बाकीच नाही, मंग गाडी कायले धरली? खोटं असल तर शिक्का तुमचाच आहे. मी म्हन्लं, दोन्हीकडून मीच सापडतो, तुमाले जे सोपं पडते ते लिहा.

पोरीले अडवलं म्हणून तक्रार द्याची काय, असं मले दोनदा विचारलं. नाही द्याची. आज देली तर तुमची पोलिसाची गाडी जाऊन उद्या पोरगी घेऊन येईल, हे मले समजते. पण लेकरू झाल्यावर तिले त्याच घरी जाणं आहे. जावई काय म्हणते विचारलं. तो बापापुढं काही म्हणत नाही.

मी बाकी सोडली, असं लिहा. पाटे बसवायले दोन तास लागतात. आज बसवतो अन् गाडी मीच मारेगावले नेऊन देतो.

वर पोरीचं जे आलं ते खोडा म्हन्लं. साहेब म्हणाले, एकदा लिहिलं ते खोडता येत नाही. मंग रामरावले वाचून दाखवू नका म्हन्लं. त्याचंही वचन देता येत नाही म्हणाले.

जबाब मले मराठीत वाचून दाखवला. पोरीचा भाग मी दुसऱ्यांदा वाचायले लावला. मी सांगतलं तसाच आहे. सही करतो.