खुर्चीबरोबर आलेलं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक माननीय अभिमन्यूशेठ, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या वैजयंतीबाई, लूमवरचे, शिलाईतले, पॅकिंगमधले माझे सगळे सहकारी, आणि पहिल्या रांगेत नवऱ्याच्या नि लेकीच्या मधे अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींचं नाव मी घेतलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. विसरलो नाही. तुमच्या या मॅनेजरची स्मरणशक्ती शाबूत आहे, सकाळी उशिरा येणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. पण नाव घेण्याआधी मला थोडं बोलायचंय. मालक, तुम्ही दहा मिनिटं दिलीत, मी बारा घेईन, पण चहा गार होऊ देणार नाही.

माझ्या आधी जे बोलले ते सगळे कविता मॅडमबद्दल बोलले. ऋतुराज म्हणाला, मॅडमनी फोन घेतला की चिडलेली पार्टीसुद्धा 'जी, जी' करायला लागायची. खरं आहे. त्यांनी एकही ऑर्डर कधी चुकीची लिहून घेतली नाही, हेही खरं. आज इथं कुणी खोटं बोललं नाही. खोटं मी बोललो, आणि तेही सव्वीस वर्षांपूर्वी.

तेव्हा आपल्या ऑर्डरच्या टेबलावर कविता नावाची एक मुलगी होती. खरीखुरी कविता. आठ महिने काम केलं, लग्न ठरलं आणि गेली हैदराबादला. तेवढ्यात दिल्ली, नागपूर, इंदूरच्या पार्ट्यांना तिची सवय लागली होती. फोन उचलला की पहिला प्रश्न, 'कविता मॅडम हैं?' तिच्या जागी अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातल्या एक बाई आल्या. घरात कानडी, पण हिंदी चोख, आणि मराठी माझ्यापेक्षा सरळ. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "बाई, नवीन माणूस बसलंय कळलं की पार्टी पुन्हा पहिल्यापासून घासाघीस करते. तुम्ही फोनवर कविताच म्हणा. थोडे दिवस." त्या म्हणाल्या, "बरं सर."

थोडे दिवस म्हणजे किती, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पुढं पार्ट्या ऑफिसात यायला लागल्या, तेव्हा टेबलावर 'कविता' अशी पाटीच आली. मग शिपाई, मुकादम, नवी पोरं, सगळेच कविता मॅडम म्हणायला लागले. खरं नाव राहिलं ते फक्त मस्टरवर, आणि मस्टर माझ्या कपाटात.

आता माझं नाव घ्या. वेणीमाधव. दिल्लीवाले तीन तीनदा विचारतात, 'कौन माधव?' मला कधी कुणी म्हणालं का, की साहेब, पार्टीला जड जातंय, तुम्ही आपलं 'विनोद' असं नाव सांगा? कुणाची प्राज्ञा होती? पार्टीच्या सवयीचं मी निमित्त केलं. खरं कारण असं, की बाईंचं नाव मला गावठी वाटलं होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नाही. लाज वाटते म्हणून सांगितलं नाही, आणि आज लाज वाटते म्हणूनच सांगतोय.

पाचव्या वर्षी दिल्लीची पार्टी स्वतः आली. ते शेठ मॅडमसमोर बसून टॉवेलचे नमुने बघत होते. इतकी वर्षं आपण याच कविताशी बोलतोय अशी त्यांची समजूत. तेवढ्यात वॉचमन सोमलिंग आत आला नि माझ्या कानाशी म्हणाला, "सायेब, एक म्हातारं आलंय. नीलम्मा कुटं हाय म्हून इचारतंय. लेक हाय म्हनं त्येची. हितं नीलम्मा कोन न्हाय की."

घ्या, नाव निघालंच तोंडून.

मी बाहेर गेलो. फाटकाशी पटका बांधलेले एक गृहस्थ उभे होते, हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. नीलम्माताईंचे वडील, बसलिंगप्पा. एसटीनं आले होते आणि स्टँडपासून चालत. हे आत आले, लेकीला हाक मारली, तर पार्टीसमोर आपलं बिंग फुटेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "नीलम्मा नावाचं इथं कुणी काम करत नाही." त्यांनी खिशातून लेकीनं लिहून दिलेला पत्ता काढून माझ्या हातात दिला. मी वाचला. पत्ता बरोबर होता. आणि मी पुन्हा म्हणालो, "नाही हो आप्पा, दुसरीकडं बघा."

ते गेले. डबा घेऊन गेले.

ऑफिसची खिडकी उघडी होती. नीलम्माताईंना सगळं ऐकू गेलं होतं. त्या पार्टीला माप सांगत होत्या, तीस बाय साठ, आणि सांगतच राहिल्या. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन एवढंच बोलल्या, "सर, जेवायला गेलीय म्हणायचं होतं. आप्पा थांबले असते."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "पार्टी बसली होती ना." असं उत्तर माणसाला सुचतं कसं, मला अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी गावी जाऊन त्यांनी वडिलांची समजूत काढली. ते तेव्हा काय बोलले हे मला परवा कळलं, भाषणासाठी माहिती विचारायला मी ताईंच्या घरी गेलो तेव्हा. आप्पा कानडीत म्हणाले होते, "माझ्या आईचं नाव ठेवलं होतं तुला. काय वाईट होतं त्यात?" पुढं लेकीकडं ते सोलापूरला येत राहिले, पण कारखान्याकडं पुन्हा कधी फिरकले नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हे सांगून झाल्यावर ताईंनी मला चहा दिला आणि विचारलं, "सर, सत्कार कविता मॅडमचा आहे का माझा? त्यांचा असेल तर मी नुसती बघायला येते."

तुम्ही म्हणाल, झालं गेलं, निरोपाच्या दिवशी हे कशाला उकरायचं? कारण गेल्या गुरुवारी मोहोळची रेश्मा त्या खुर्चीवर रुजू झाली. मालक म्हणाले, नाव चालू ठेवा, समारंभातच जाहीर करून टाका. मालकांना दोष देत नाही, ही रीत माझीच. मी रेश्माला बोलावलं आणि सव्वीस वर्षांपूर्वीचीच वाक्यं बोललो. 'थोडे दिवस' हे शब्दसुद्धा तेच. ती पोरगी "बरं सर" म्हणाली आणि तिनं वहीत 'कविता' लिहून घेतलं.

आणि आज सकाळी छापखान्यातून मानपत्र आलं. कागद उत्तम, चौकट उत्तम, आणि मधोमध 'सौ. कविता मॅडम यांस'. मजकूर पोरांनी दिला होता, त्यांना कुठून ठाऊक असणार? ते मानपत्र आज द्यायचं नाही. नवीन छापून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देईन.

तेव्हा मालक, सगळ्यांसमोर सांगतो, जे जाहीर करायला सांगितलंत ते मी करणार नाही. उद्या तो फोन वाजला की रेश्मानं 'रेश्मा बोलतेय' म्हणायचं. पार्टीनं विचारलं, कविता मॅडम कुठायत, तर सांगायचं, त्यांचं नाव नीलम्मा, त्या निवृत्त झाल्या. ज्याला घासाघीस करायचीय त्याला माझ्याकडं जोडून द्यायचं. हे तुम्हाला पटत नसेल तर उद्या मला केबिनमध्ये बोलवा. रेश्माला बोलावू नका.

आता शाल आणि श्रीफळ स्वीकारण्यासाठी मी सौ. नीलम्माताईंना व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.

ताई, या ना.

नको म्हणतायत. यजमान हाताला धरतायत, तरी नको म्हणतायत. राहू द्या, ओढू नका त्यांना. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही, असं सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा होतंय, आणि त्यांचंच बरोबर आहे.

ऋतुराज, ती शाल इकडं दे.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मालकांनी मधे थांबवलं नाही, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्ही सांभाळून घ्या. बाकीच्याची माफी तुमच्याकडं मागून उपयोग नाही, त्यासाठी मी खाली पहिल्या रांगेत चाललोय.